बल्बचं सख्खं यमक

आमच्या जिन्यात कुणाचं काय चाललंय हे मला कळलं नाही, असं सहसा होत नाही. माझं दुकान तळमजल्यावर, दुकानाला काचेचं दार, आणि दारासमोरच जिना. वर जाणारा आणि खाली येणारा प्रत्येक जण आधी माझ्या नजरेखालून जातो, मग पुढे. धंदा लॅमिनेशनचा. कागद यंत्रात सरकवला की तो दुसऱ्या टोकाने बाहेर येईपर्यंत हातांना काम नसतं. तेवढ्यात जगाची खबर घेऊन होते. बायको म्हणते, "तुम्ही लॅमिनेशन कमी आणि चौकशा जास्त करता." मी म्हणतो, दोन्हींत काम एकच, हाती लागेल ते जपून ठेवायचं.

तर अशा माझ्या नाकासमोरून एके सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी फुगा घेऊन गेल्या.

लाल फुगा, चांगला टम्म फुगवलेला. वहिनींचे केस पांढरे, नाकावर चष्मा, खांद्याला शाळेची पिशवी, आणि फुगा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. घरात लहान मूल नाही. वाढदिवस कुणाचा नाही. असता तर मला त्यांच्याआधी कळला असता. दुसऱ्या दिवशी फुगा निळा. त्यानंतर पिवळा. मग मात्र मला राहवेना, मी बायकोला सांगितलं.

"म्हातारचळ म्हणतात याला," ती म्हणाली.

"तो पुरुषांनाच होतो ना?"

"तुम्हाला लवकर झाला, म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

दुपारपर्यंत ही फुग्याची गोष्ट चारही मजल्यांवर पोचली. कशी पोचली ते विचारू नका. बातम्यांना पाय असतात, आणि आमच्या इमारतीत जिनाही आहे.

आता या वहिनी कोण, ते सांगायला हवं. कोपऱ्यावरच्या शाळेत शिशुवर्गाला त्या इंग्रजी शिकवतात. सगळी वस्ती त्यांना राइमबाई म्हणते. यमकाला इंग्रजीत राइम म्हणतात एवढं तर त्यांच्यामुळे आमच्या पाणीवाल्यालाही माहीत झालंय. त्यांचे यजमान म्हणजे आमचे दादा. ते ग्रंथालयात नोकरीला होते. जन्मभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसले, कुजबुजण्यापलीकडे कधी आवाज चढवला नाही. आणि निवृत्त होऊन घरी बसतात तोच वहिनींचे कान उतरणीला लागले. आता बिचाऱ्या दादांना साधं 'पंखा बंद कर' एवढं सांगायचं म्हटलं तरी खालच्या मजल्यावरचे लोक उठून पंखा बंद करतात. त्यांच्या घरात खासगी असं काही उरलंच नाही. भाजी कशी झाली, कुणाचा मोजा हरवला, कुणाचं पोट बिघडलं, सगळं जिनाभर. आम्ही त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं. त्यांच्या तोंडावर नाही, पण तेवढ्या आवाजाच्या माणसाच्या मागे काय बोलायचं तेही अवघडच.

शाळेत एक पद्धत आहे, ती वहिनींनीच पाडलेली. शिशुवर्गातून पहिलीत जाताना प्रत्येक मुलाने बाईंना इंग्रजीतला एक शब्द द्यायचा. कुठलाही, आपल्या आवडीचा. बाईंनी त्याला यमक शोधायचं आणि दोन ओळी करून एका कार्डावर लिहून द्यायच्या. निरोपाच्या दिवशी अख्ख्या वर्गाने प्रत्येकाच्या ओळी मोठ्याने म्हणायच्या. ती कार्डं लॅमिनेशनला माझ्याकडे येतात, म्हणून मला हे सगळं आतून माहीत. या रस्त्यावर बस चालवणारा एक दांडगा गडी आहे. त्याने आपलं कार्ड समोरच्या काचेच्या कोपऱ्यात लावलंय. लहानपणी त्याने शब्द दिला होता 'ट्रक', यमक मिळालं होतं 'लक'. मी एकदा विचारलं, "ट्रक मागितलास आणि बस मिळाली, मग लक कसलं डोंबलाचं?" तो म्हणाला, "काका, ट्रकमध्ये माणसं नसतात."

एकदा कार्डं द्यायला आल्या असताना मी वहिनींना छेडलं, "यमक म्हणजे काय हो एवढं? शेवट जुळला की झालं."

"शेवट जुळला की झालं असतं, तर सगळी लग्नं सुखाची झाली असती," त्या म्हणाल्या. मग माझ्या टेबलावर पिशवी ठेवून त्यांनी मला शब्दांची सोयरीक समजावली. "हे पाहा भावजी. शब्दावर जिथे जोर पडतो ना, तिथून शेपटापर्यंत सगळं सारखं, आणि त्याआधीचं तोंड तेवढं वेगळं, तर ते सख्खं. किटन, मिटन. एका आईची लेकरं."

"आणि शेपूट जरा हललं तर?"

"किटन, चिकन. ते चुलत. नाक तेच, हनुवटी वेगळी. आणि बेल, डॉल. शेवट तेवढा एक, मधला सूर निराळा, ते मावस."

"पोटॅटो आणि टोमॅटो?"

"भाजीवाल्याकडे सख्खे. साहेबाच्या घरी चुलत, तो पोटेटो आणि टोमाटो म्हणतो."

"आणि ज्यांचं काहीच नातं नाही?"

"ते शेजारचं यमक. नातं नसतं, पण रोज एकत्र बसून बसून जमून जातं."

"म्हणजे माझ्यासारखं!"

"तुमच्याशी कुणाचं यमक जुळणार, भावजी? तुम्ही बोलायला लागलात की शेवटच येत नाही."

मी हसलो, पण त्यांच्या कामाची पद्धत ज्याने पाहिली आहे तो नुसता हसून राहू शकत नाही. त्या यमक शोधायच्या जिना चढताना. एका पायरीला एक अक्षर. मनात शब्द धरायचा, समजा 'लाइट', आणि प्रत्येक पायरीवर त्याचं तोंड बदलायचं: बाइट, फाइट, काइट, माइट, नाइट. जोडाक्षरं वळणावर, तिथे जरा दम घ्यायला जागा असते: ब्राइट, फ्लाइट. कधी तिसऱ्या मजल्याच्या दाराशी पोचून त्या मान हलवायच्या आणि चक्क चार पायऱ्या खाली उतरायच्या, कारण एक अक्षर राहून गेलेलं असायचं. मी खालून पाहायचो. वाण्याचं सामान घेऊन माणसं धापा टाकत जिना चढतात. ही बाई एक अख्खी भाषा उचलून चढायची आणि वर पोचली की हसायची.

आता फुगा.

मी सरळ विचारलंच. म्हणजे कागदावर लिहून विचारलं, कारण माझ्या दुकानातलं यंत्र घरघरतं आणि त्यांच्या कानातलं यंत्र त्या घरघरीला आणखी मोठं करून देतं. त्यांच्या वर्गातही तीच गत. मुलांचा आवाज बारीक आणि बाकांचा खरखराट मोठा, आणि त्या यंत्राला आवडतो खरखराट. ते काढून त्यांनी पिशवीत टाकलं होतं.

"काही तरी म्हणा," वहिनी म्हणाल्या. "पण आवाज न करता. नुसतं तोंड."

मी ओठ हलवले.

"बॅट," त्या म्हणाल्या. "किंवा पॅट. किंवा मॅट. तिघांतलं कोणतं ते मला दिसत नाही. ओठ मिटले, उघडले, पुढचं सगळं तेच." मग जरा थांबून, जसं आपण हवापाण्याबद्दल बोलतो तशा सहजपणे त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक शब्द ऐकू येतो ना, भावजी? मला आता तिघं भावंडं दिसतात, हातात हात घालून उभी. हाक कुणी मारली तेवढं कळत नाही."

माणसाचे कान जातात तेव्हा शब्द जातात असंच मी समजत होतो. इथे शब्द गेला होता आणि त्याच्या जागी त्याची सख्खी भावंडं येऊन उभी राहिली होती, न बोलावता. जिने आयुष्यभर यमकं शोधली, तिला आता यमकाशिवाय दुसरं काही दिसेनासंच झालं होतं.

"मग हाक कुणी मारली ते कळण्यासाठी हा," त्यांनी फुगा माझ्या तोंडासमोर धरला, बोटांची टोकं त्याच्यावर अलगद टेकवली. "आता आवाज काढून म्हणा."

मी म्हटलं.

"मॅट. म दारातच गुणगुणतो. ब उंबऱ्यावर जरासा घुमतो. प चोरपावलांनी येतो."

मी पुन्हा म्हटलं, दुसरा शब्द. मग तिसरा. त्यांनी तिन्ही वेळा बरोबर पकडला. मी आपला फुग्याच्या त्या लाल गालाकडे बघत राहिलो. माझा हा जाडाभरडा, चहाच्या टपरीवर ओरडून ओरडून घासलेला आवाज कुणाच्या बोटांना असा एकेक अक्षराने कळत असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

"मुलं काय म्हणतात?" मी कागदावर लिहिलं.

"खूश आहेत. फुग्यात बोलायला मिळतं म्हणून जी मुलं कधी तोंड उघडत नव्हती तीही रांगेत उभी राहतात." मग त्यांचा चेहरा उतरला. "पण ऐकणं वेगळं आणि शोधणं वेगळं. शोधताना मी मनातल्या मनात ऐकते. ते मनातलं ऐकणंही आता पुसट होत चाललंय की काय, कोण जाणे. म्हणून मी ठरवलंय. यंदा एक जरी मूल सख्ख्या यमकाशिवाय घरी गेलं, तर खडू खाली, शिकवणं बंद. चुलत, मावस वरून कितीही असोत. एक तरी सख्खं हवंच. तो माझा शब्द आहे त्यांना."

त्या वर गेल्या. त्या दिवशी ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शब्द देण्याच्या दिवशी मी शाळेत गेलो होतो, अक्षरांचे तक्ते पोचवायला. तक्ते दारात ठेवूनही निघता आलं असतं, पण आपला स्वभाव. वर्गात मुलांची रांग लागलेली, पुढे वहिनी छोट्या खुर्चीत, मांडीवर हिरवा फुगा. एकेक मूल येऊन फुग्याजवळ तोंड नेऊन आपला शब्द सांगत होतं आणि वहिनी तो मोठ्याने परत म्हणत होत्या. "मून." टाळ्या. "जेली." टाळ्या. एका लठ्ठ्या मुलाने 'स्लीप' दिला आणि त्याच्या शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं, "दिवसभर तेच करतोस!"

मग आली ठिणगी. ही आमच्या वायरमनची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या पटावर असेल. बाकी सगळे ठिणगीच म्हणतात. केस कितीही चोपून बसवले तरी उभे, डोळे लुकलुकते, आणि प्रश्न असे की ज्याला लागतील त्याला चटका बसावा. बाप घरोघरी तारा ओढत फिरतो आणि ही सुट्टीच्या दिवशी त्याची पिशवी धरून मागे. तिने फुग्याला जवळजवळ ओठ टेकवले.

वहिनींची बोटं थांबली. "घुमत सुरू झाला आणि घुमतच संपला. बल्ब."

"बरोबर!" ठिणगी म्हणाली. "आणि बाई, मला सख्खं पाहिजे."

"मिळेल," बाई म्हणाल्या.

मी जिन्याखाली बसून ऐकणारा माणूस. त्या संध्याकाळी वहिनी चढताना मी दार उघडून कान दिला. बाकीच्या शब्दांची यमकं त्या भराभर वेचत गेल्या. मून, स्पून. जेली, बेली. मग पहिल्या मजल्याच्या वळणावर आवाज बदलला. कल्ब. डल्ब. फल्ब. हल्ब. असे शब्द जगात नाहीत, हे मलाही कळत होतं. त्या दारापर्यंत गेल्या, तिथून परत खाली आल्या, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढल्या.

दुसऱ्या दिवशी भोंग्यामुळे सगळ्या इमारतीला विषय कळला.

"अगं, क्लब!" दादांचा आवाज आला.

"त्याचा ल पुढे आहे, बल्बचा मागे," वहिनींचं उत्तर.

"टब!" पहिल्या मजल्यावरची सासू ओरडली.

"टबला ल नाहीच!" तिची सून ओरडली. त्या दोघींचं इतक्या वर्षांत कशावर तरी बोलणं झालं, ते यावर.

मी खालून 'गुलाब' सुचवला. वरून तीन मजल्यांनी मला एकदम गप्प केलं.

शेवटी वायरमन स्वतः आला. चपला दाराबाहेर काढून, टोपी हातात घेऊन. वहिनी तेव्हा माझ्या दुकानातच कार्डं देत होत्या. त्याने त्यांच्या समोर उभं राहून, तोंड नीट दिसेल असं सावकाश विचारलं, "बाई, पोरीला मी समजावतो. तिला ट्यूब म्हणायला सांगतो. ट्यूबला मिळेल ना?"

"क्यूब," वहिनी म्हणाल्या. आणि हसल्या. "मिळेल. पण तिने मला बल्ब दिलाय."

"ट्यूबला वीजही कमी लागते," तो अगदी कळवळून म्हणाला.

"विचारलंत तिला?"

वायरमनने मान खाली घातली. "विचारलं. म्हणते, माझा बल्ब बाईंना जड झाला का?"

तो गेल्यावर मी मोबाइल काढला. त्यावर शब्द टाकला की त्याची यमकं दाखवणाऱ्या जागा असतात, सख्खी वेगळी, जवळपासची वेगळी. मी बल्ब टाकला. सख्ख्यांच्या खाली काहीच नाही, कोरं. जवळच्यांत गल्प, पल्प आणि आणखी काही दूरचे पाहुणे. मी तो पडदा वहिनींसमोर धरला आणि कागदावर लिहिलं, 'बघा! याला सख्खं कुणी नाहीच. शब्दच एकुलता एक. तुमच्या कानांचा दोष नाही.'

त्यांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं. "भावजी, मागे तुम्ही मला असंच मोबाइलवर दाखवलं होतंत, की जिना चढणाऱ्या बायकांवर कर लागणार आहे."

"ती थट्टा होती!"

"आणि हे?"

थट्टेखोर माणसाचं हे असं होतं. ज्या दिवशी तो खरं बोलतो, त्या दिवशी त्याच्याजवळ साक्षीदार नसतो. वहिनी टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "शब्द नाही म्हणून सापडत नाही, की मला ऐकू येत नाही म्हणून सापडत नाही, एवढंच मला कळत नाहीये. शब्द नसेल तर ते त्याचं दुर्दैव. पण तो असेल, कुठे तरी उभा राहून हाका मारत असेल, आणि मीच..."

निरोपाच्या आदल्या सकाळी त्या सगळी कार्डं घेऊन आल्या. सर्वांत वर ठिणगीचं. त्यावर बल्ब आणि पल्प. पल्प म्हणजे फळातला गर. "चुलत आहे," त्या म्हणाल्या. "यापेक्षा जवळचं नाही मिळालं. उद्या वर्गाला सांगून टाकते." आणि पिशवीतून खडूचा डबा काढून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, घरी न्यायचं सामान ठेवावं तसा.

मी कार्डं यंत्रात सरकवायला घेतली. वहिनी जायला वळल्या. बाहेर उन्हाची तिरीप अशी होती की काचेच्या दाराचा आरसा झाला होता. सवयीने त्यांचे ओठ हलत होते, आवाजाशिवाय, शेवटचा एकदा तोच जिना मनात चढत असाव्यात. अचानक त्या थबकल्या. काचेच्या अगदी जवळ गेल्या. पुन्हा ओठ हलवले. मग पुन्हा. मला वाटलं, दाताला काही लागलं.

"भावजी, इकडे या," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला होता. "बल्ब आणि पल्प. दोन्हींतला कोणताही एक म्हणा. आवाज नको."

मी म्हटलं.

"कळलं नाही मला! पुन्हा म्हणा. हवं तर दुसरा."

मी दुसरा म्हटला.

"नाही कळलं!" त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, चष्मा घसरलेला, आणि हसतायत. "दोघांत तिळाइतका फरक नाही! सुरुवातीला ओठ मिटतात, शेवटी ओठ मिटतात, मध्ये जीभ तीच. अहो, ही जुळी आहेत!"

मी स्वतः काचेसमोर उभा राहिलो. हे तोंड मी रोज दाढी करताना पाहतो. बल्ब, म्हणालो. पल्प, म्हणालो. काचेतला तो टकला माणूस दोन्ही वेळा अगदी एकच बोलला. मी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. साऱ्या जगाने ज्या शब्दाला सख्खं कुणी नाही म्हणून सोडून दिलं, त्याचं सख्खं भावंड प्रत्येकाच्या तोंडात बसलं होतं. ते बघायला आधी कान बाजूला ठेवावे लागत होते, आणि ते ठेवण्याची पाळी आमच्यात एकीवरच आली होती. मागे यंत्रातून ठिणगीचं कार्ड गरमागरम बाहेर पडून जमिनीवर पडलं, ते उचलायचंही मला भान नव्हतं.

"मग झालं की! उचला खडू," मी डबा पुढे केला.

वहिनींचं हसू ओसरलं. "कानांना चुलतच आहे हो. मुलांना कान आहेत. उद्या ठिणगी विचारेल. आणि तिच्याशी मी खोटं बोलणार नाही."

डबा टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात आम्ही सगळे होतो. मी कार्डं घेऊन, बायको मला आवरायला, दादा पहिल्या रांगेत. खिडक्यांना जाड काळे पडदे, वर दिवे. वायरमन मागे भिंतीशी, दिव्यांच्या बटणांजवळ. अशा माणसांना तीच जागा घरची वाटते. मुलांनी एकेकाच्या ओळी म्हटल्या, छप्पर उडेल अशा. 'स्लीप'वाल्याच्या ओळी म्हणताना तो स्वतः जांभई देत होता.

मग ठिणगी पुढे आली. बाईंनी वर्गाला सांगितलं, "हिच्या ओळी आपण तोंडाने म्हणायच्या, पण आवाज न काढता. एकमेकांच्या ओठांकडे बघत."

आणि ती मुलं म्हणाली. आधीच घोटून घेतलेल्या त्या ओळी:

डॅडी फिक्स्ड अ यलो बल्ब,
लाइक अ फ्रूट विथ शायनिंग पल्प.

बाबांनी लावला पिवळा बल्ब, आत उजेडाचा गर असलेलं जणू फळच. सगळा अर्थ त्या दोन ओळींत होता, आणि सभागृहात चिमणीच्या पंखाएवढाही आवाज नव्हता. नुसते ओठ. एवढाले, तेवढाले, दात पडलेले, शेंबूड पुसलेले, सगळे एकदम मिटत होते, उघडत होते, मिटत होते. पहिल्या ओळीच्या शेवटी आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी सगळी तोंडं हुबेहूब तीच झाली. तेवढा वेळ आम्ही सगळे बहिरे होतो आणि त्या खोलीत नीट ऐकू येत होतं ते एकाच बाईला. दादांकडे पाहिलं तर ते ताठ बसलेले, हात मांडीवर. ज्या शांततेसाठी माणसाने जन्मभर पाटी लावली, ती अखेर त्यांना कुणी तरी राखून दाखवली होती.

ओळी संपल्या. ठिणगीने मान वर केली. वहिनींनी खाली वाकून फुगा तिच्या तोंडासमोर धरला.

"बाई, हे सख्खं आहे?"

मला दुकानातल्या टेबलावरचा तो खडूचा डबा दिसायला लागला.

"कानांना चुलत आहे," वहिनी म्हणाल्या, स्पष्ट, मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं. "डोळ्यांना सख्खं आहे. मला यापेक्षा जवळचं सापडलं नाही."

ठिणगीने विचार केला. ती विचार करते तेव्हा तिचे केस आणखी उभे राहतात असं मला त्या दिवशी वाटलं. मग ती मागे वळली. "बाबा, लाइट घालवा."

वायरमनने बाईंकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि बटण दाबलं. मिट्ट काळोख.

"आता सगळ्यांनी मोठ्याने म्हणा!" काळोखातून ठिणगीचा आवाज.

मुलांनी बेंबीच्या देठापासून दोन्ही ओळी म्हटल्या. बल्बचा शेवट घुमला, पल्पचा फुटला. आता आम्हालाही तो फरक ऐकू आला, रेघ मारल्यासारखा.

"चुलत," ठिणगी म्हणाली. "बाबा, लावा!"

दिवे लागले.

"आता गुपचूप म्हणा!"

सगळे ओठ मिटले, उघडले, मिटले.

"सख्खं!" ठिणगीने टाळी वाजवली आणि आम्हा मोठ्यांकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढी साधी गोष्ट तुम्हाला कशी कळली नाही. "अंधारात चुलत. बल्ब लावला की सख्खं होतं. माझा शब्दच तसा आहे!"

वहिनींना यातलं किती फुग्यातून कळलं आणि किती ओठांवरून, ते मला सांगता येणार नाही. त्या पोरीला पोटाशी धरून उभ्या राहिल्या, आणि फुगा दोघींच्या मध्ये चेपून फटकन फुटला. तो आवाज मात्र वहिनींनाही ऐकू आला, दचकल्या. मागे वायरमन बटणाशी तोंड भिंतीकडे करून उभा होता. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "बोला की काही तरी. बरं वाटत नाहीये का?" मी मान हलवली. काही काही वेळी माणसाने गप्प बसून तोंडं बघावीत, एवढी अक्कल मला त्या सभागृहात आली. फार वेळ टिकली नाही, ते सोडा.

संध्याकाळी वहिनी आणि दादा परतले तेव्हा मी दुकानाच्या दारात उभा होतो. डबा माझ्या हातात. वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढल्या होत्या, तिथून त्यांनी वळून पाहिलं. मी आवाज न करता, ओठ चांगले ताणून विचारलं, 'मग? खडू खाली?'

त्यांनी डोळे बारीक केले. "खडू म्हणालात की गडू, ते फुग्यालाच विचारावं लागेल," त्या म्हणाल्या. "पण दोन्हीही खाली ठेवायचा विचार नाही. आणा इकडे."

आणि डबा घेऊन त्या वर गेल्या. एका पायरीला एक अक्षर, ओठ हलत होते, आणि वळणावर त्या जोडाक्षरासाठी थांबल्या.